स्टीफन हिलेनबर्ग: समुद्राचा मास्तर की स्टोरीबोर्डचा?

एकरेघी
'स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स'च्या कर्त्याबद्दल कुठेही वाचा, गोष्ट ठरलेली. समुद्रजीवशास्त्र शिकवणारा मास्तर होता, नोकरी सोडली, कार्टून काढलं, जगभर गाजलं. गोष्ट खोटी नाही, पण मधली बारा वर्षं गिळून टाकते.

तारखा बघा. जन्म १९६१, ओक्लाहोमातला लष्करी तळ फोर्ट सिल. वाढला कॅलिफोर्नियात, अ‍ॅनाहाइमला. १९८४ला हम्बोल्ट स्टेट विद्यापीठाची पदवी, विषय नैसर्गिक संसाधनं, भर समुद्रावर. १९८४ ते ८७ डेना पॉइंटच्या ऑरेंज काउंटी मरीन इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणं. मग कॅलआर्ट्स ही कलाशाळा, १९९२ला तिथून बाहेर. १९९३ ते ९६ निकेलोडियन वाहिनीची कार्टून मालिका 'रॉकोज मॉडर्न लाइफ', थोडक्यात रॉको, तिथे काम. आणि १ मे १९९९ला स्पंजबॉबचा पहिला भाग. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

माझं म्हणणं असं, की समुद्राने त्याला पात्रं दिली, पण मालिका उभी राहिली ती रॉकोत शिकलेल्या कामाच्या पद्धतीवर. समुद्र काढा, दुसरं काहीतरी सापडलं असतं. रॉको काढा, काहीच उरत नाही. पटत नसेल त्यांनी मुद्द्याचं बोला.

कुर्लीचे_कालवण
पहिला नंबर. समुद्र काढा म्हणे! मग आम्ही खायचं काय?

कातळसडा
एकरेघी, साफ नामंजूर. तुम्ही एक महत्त्वाची वस्तू गाळलीत. डेना पॉइंटला असतानाच त्याने 'द इंटरटायडल झोन' नावाचं चित्रपुस्तक केलं होतं, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले प्राणी समजावून सांगायला. त्यात सूत्रधार होता 'बॉब द स्पंज'. म्हणजे कॅलआर्ट्सचं तोंड बघण्याआधी मुख्य पात्र कागदावर होतं.

आणि हा पट्टा निवडण्यातही अक्कल आहे. खोल समुद्रातला प्राणी सहीसलामत जगतो. ओहोटीच्या डबक्यातल्याला दिवसातून दोनदा पाणी सोडून जातं, ऊन तापवतं, पाऊस पडला तर पाणी गोडं होतं, वरून पक्षी टिपतात. हातभर खळग्यात दहा जातीचे प्राणी एकमेकांच्या उरावर बसलेले असतात, कुणी हलायला तयार नाही. म्हणजे आयती चाळच की. मालिकेतली शेजाऱ्यांची घरं बघा: एका बाजूला अननस, मधे दगडी मुंडकं, पलीकडे धोंडा, तिघांच्या भिंती जवळजवळ चिकटलेल्या. हे कॅलआर्ट्सने नाही शिकवलं.

एकरेघी
@कातळसडा, चाळीचा मुद्दा मान्य. पण तो चित्रपुस्तकातला बॉब एकदा बघा. खऱ्या स्पंजसारखा वेडावाकडा गोळा आहे. टीव्हीवर चालला तो चौकोनी, भांडी घासायचा. तो बदल मास्तराने नाही, चित्रकाराने केला.

टायमिंगशीट
चौकोनाबद्दल थोडं धंद्याचं. गोळा वळवायला सोपा, खोकं वळवायला कठीण. खोक्याला कडा असतात आणि कड चुकली की लगेच डोळ्यात येते. त्यात स्पंजबॉबच्या अंगाला भोकं. दोन की-पोजमधली (हालचालीतल्या मुख्य चित्रांमधली) चित्रं भरणाऱ्याने भोकांच्या जागा एकेक मिलिमीटर सरकवल्या की पडद्यावर ती मुंग्यांसारखी वळवळतात. म्हणून मॉडेल शीटला, म्हणजे पात्र कसं काढायचं त्या नमुन्याच्या कागदाला, जिवापाड जपावं लागतं. समोरून, पाऊण वळून, बाजूने, पाठमोरा; प्रत्येक डोळ्याला तीन पापण्या, प्रत्येक गालावर तीन ठिपके, पुढे दोन दात. चौथी पापणी काढलीत की शॉट परत.

मग एवढा त्रास का घ्यायचा? कारण बाकी सगळे गोल, लोंबते, टोकदार आहेत. गर्दीच्या चित्रात सगळ्यांना काळ्या शाईने भरून टाका, तरी चौकोन कोण ते आंधळाही सांगेल. नुसत्या सावलीवरून पात्र ओळखू येणं ही या धंद्यातली पहिली परीक्षा.

प्रश्नचिन्ह
बाळबोध प्रश्न. शीर्षकात 'बॉय' नव्हतं का आधी? कुठेतरी 'स्पंजबॉय' वाचलंय.

निळी_शाई
बरोबर वाचलंय. मूळ नाव 'स्पंजबॉय अहॉय!' होतं. पण 'स्पंजबॉय' हे नाव फरशी पुसायच्या मॉपसाठी कुणीतरी आधीच नोंदवून ठेवलेलं निघालं. नाव बदलताना 'स्पंज' राखायचा होता, कारण तो चीजचा तुकडा वाटेल ही धास्ती होती. म्हणून बॉयचा बॉब झाला. गंमत म्हणजे त्यामुळे चित्रपुस्तकातल्या जुन्या बॉबचं नाव परत आलं.

कुर्लीचे_कालवण
फरशीच्या पोछ्यामुळे भांड्याच्या घासणीचं बारसं. वा.

खारवीकट्टा
कातळसडांच्या बाजूने अजून भर. पात्रांच्या अंगात जीवशास्त्र किती मुरलंय बघा.

प्लँक्टनला एकच डोळा. तो कोपेपॉड, म्हणजे पाण्यातला बारीक कवचधारी जीव आहे, आणि खऱ्या कोपेपॉडांमध्ये कपाळाच्या मधोमध एकच डोळा असणं सर्रास आढळतं. त्यांच्या एका वंशाचं नावच सायक्लॉप्स.

स्पंजचे तुकडे होतात आणि पुढच्या दृश्यात तो जोडलेला असतो, हा निव्वळ कार्टूनी चावटपणा वाटतो ना? १९०७ला एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज रेशमी कापडातून दाबून गाळला. पेशी सुट्या झाल्या, आणि भांड्याच्या तळाशी पुन्हा गोळा होऊन त्यांचे नवे स्पंज झाले. दुसऱ्या कुठल्या प्राण्याला हे विनोद इतके शोभले नसते.

पाण्याखाली समुद्रकिनारा दाखवतात, 'गू लगून'. मुलं हसतात, मोठे म्हणतात काय वेडेपणा. पण मेक्सिकोच्या आखाताच्या आणि तांबड्या समुद्राच्या तळाशी अतिखारट पाण्याची तळी खरंच आहेत. ते पाणी इतकं जड, की वरच्या समुद्रात मिसळत नाही. त्याला स्वतःचा काठ असतो, त्यावर लाटाही उठतात. हा विनोद कुणाला सुचेल? ज्याने असली पुस्तकं चाळलीत त्यालाच.

प्रश्नचिन्ह
म्हणजे प्लँक्टन हा आपला जवळा म्हणायचा?

खारवीकट्टा
नाही हो. जवळा ही बारीक कोळंबीची जात. कोपेपॉड त्याहून कितीतरी बारीक, बहुतेक एक-दोन मिलिमीटरचे. जवळ्याचं कालवण होतं, कोपेपॉडचं करायला चाळणी पुरणार नाही.

मिरगाचा_पाऊस
आणि स्पंजबॉबचा शेजारी स्क्विडवर्ड माकूळ की ऑक्टोपस? आमच्याकडे यावरून जेवणं थांबली आहेत.

टायमिंगशीट
नाव माकळाचं, जात ऑक्टोपसची. हिलेनबर्गने स्वतःच सांगितलंय. ऑक्टोपसचं मोठं फुगीर डोकं त्याला हवं होतं, कारण हे पात्र स्वतःला फार शहाणं समजतं. पण 'ऑक्टोवर्ड' कानाला बरं लागेना.

हात-पाय मोजा, आठ नाहीत, सहाच आहेत: दोन हात, चार पाय. कारण जीवशास्त्रीय नाही, हिशेबी आहे. आठ अवयव ठेवले तर चालताना प्रत्येक चित्रात दोन जास्त काढायचे, दोन जास्त रंगवायचे, आणि चार पायांतला कुठला पुढे कुठला मागे हा घोळ सहा पायांत आणखी वाढतो. पदवीधर मास्तराने इथे शास्त्राला सुट्टी दिली आणि चित्र भरणाऱ्यांची दया केली. एकरेघी, हा मुद्दा तुमच्या पारड्यात टाका.

एकरेघी
टाकला. आता त्या पारड्यात वजन घालतो. बोर्डवर, म्हणजे चौकटी-चौकटींत गोष्ट काढलेल्या स्टोरीबोर्डवर चालणारी मालिका म्हणजे नेमकं काय, हे इथे कुणी नीट लिहील का? मी लिहिलं तर पक्षपात व्हायचा.

फ्रेम_बाय_फ्रेम
लिहितो, लांब होईल.

टीव्ही कार्टूनचे दोन रस्ते. एकात लेखक पूर्ण संहिता लिहितो, संवादांसकट, आणि चित्रकार तिचं चित्रात रूपांतर करतो. दुसऱ्यात संहिता नसतेच. लेखकांची खोली एक-दोन पानांचा आराखडा देते: कोणाला काय हवंय, काय आडवं येतं, शेवट कुठे. तेवढंच. रॉको असा चालायचा, स्पंजबॉबही असाच.

हा आराखडा बोर्ड चित्रकारांच्या जोडीकडे जातो. ते आधी काडेपेटीएवढ्या चौकटी काढतात, बऱ्याचदा चिकटचिठ्ठ्यांवर, म्हणजे क्रम बदलायचा तर नुसती उचलून दुसरीकडे लावता येते. संवाद चौकटीखाली तेच लिहितात. मग बोर्ड भिंतीवर टाचून सगळ्यांसमोर सादर करायचा, सगळे आवाज स्वतः काढून, काठीने चौकट दाखवत. ज्या चौकटीला खोली हसली नाही ती तिथल्या तिथे उतरते. इथे लाज बाळगणारा टिकत नाही.

त्यानंतर दुरुस्ती, स्वच्छ बोर्ड, आवाजांचं ध्वनिमुद्रण. स्पंजबॉबमध्ये कलाकार शक्यतो एकत्र बसून बोलतात, एकेकट्याने नाही. त्यामुळे एकमेकांच्या शब्दावर शब्द चढतो आणि भांडण खरं वाटतं. आवाज आणि बोर्ड जोडून अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे भागाचा कच्चा चित्रफितीचा आराखडा. मग टायमिंग, म्हणजे कुठली हालचाल किती फ्रेम चालेल ते ठरवणं.

इथे गणित. भाग ११ मिनिटांचा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १५,८४०. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी एका सतत हलणाऱ्या पात्राला ७,९२० चित्रं. म्हणून एक्स-शीटवर, जिथे एक ओळ म्हणजे एक फ्रेम, आधीच ठरवतात की कुठे शरीर स्थिर आणि फक्त तोंड हलेल, कुठे पूर्ण हालचाल. बोर्ड, एक्स-शीट, मॉडेल शीट, रंगांचे नमुने, पार्श्वभूमीचे नमुने असा गठ्ठा कोरियाला, सोलच्या रफ ड्राफ्ट स्टुडिओत. तिथून चित्रं तयार होऊन येतात, चुकलेले शॉट परत जातात.

घोळ कुठे होतो? नवखा बोर्डवाला हमखास लांबतो. अ‍ॅनिमॅटिक तेरा मिनिटांचं झालं तर दोन मिनिटं तिथेच कापा. रंगवून आल्यावर कापलीत तर पैसे पाण्यात. दुसरं, पाहताना विनोद आपल्याला पाठ झालेला असतो, म्हणून घाईने पुढे सरकतो. वेडावाकडा चेहरा प्रेक्षकाला वाचायला किमान ८-१० फ्रेम स्थिर हवा. त्याहून कमी दिलात तर नुसता झटका दिसतो, हसू येत नाही. आणि तिसरं: एक्स-शीटवर 'हसतो' असं लिहिलंत तर परदेशातला चित्रकार मॉडेल शीटवरचं गुळगुळीत हसू काढणार. कसा हसतो ते पोज काढूनच पाठवावं लागतं.

निळी_शाई
उत्तम प्रतिसाद. एक पुरवणी: पहिला सीझन सेलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्यांवर रंगवलेला आहे, संगणकावर रंगवणं दुसऱ्यापासून. सेलचा एक जुना त्रास: एकावर एक थर ठेवले की खालच्या थराचा रंग मंदावतो. म्हणजे स्पंजबॉब वरून तिसऱ्या थरात गेला की त्याचा पिवळा किंचित मळतो. रंगवणारे त्यासाठी थरानुसार उजळ छटा वेगळी करून ठेवायचे, आणि चुकीची डबी उघडली की पात्र शॉटच्या मधेच रंग बदलतं. पहिल्या सीझनचा तो मऊ, जरासा धुळकट पोत बऱ्याच अंशी या सेलमुळे. उगाच त्याला जुन्या आठवणींची गोडी म्हणू नका.

मिरगाचा_पाऊस
सगळं कौतुक ठीक. पण लहान मुलांच्या डोक्यावर याचा परिणाम होतो असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय ना? पेपरात आलं होतं.

खारवीकट्टा
'सिद्ध' हा शब्द जपून. २०११चा अभ्यास, 'पेडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये छापलेला, व्हर्जिनिया विद्यापीठाचा. चार वर्षांची ६० मुलं, तीन गट. एका गटाने ९ मिनिटं स्पंजबॉब पाहिला, दुसऱ्याने संथ शैक्षणिक कार्टून, तिसऱ्याने चित्रं काढली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत पहिला गट लक्ष आणि संयमात मागे पडला. स्पंजबॉबमध्ये साधारण दर ११ सेकंदांनी दृश्य बदलत होतं, संथ कार्टूनमध्ये ३४.

त्यातून काय निघत नाही ते पण बघा. परिणाम किती वेळ टिकतो हे मोजलेलं नाही. वाहिनीचं उत्तर असं, की मालिका ६ ते ११ वयासाठी आहे, चार वर्षांच्यांसाठी नाही. दोन्ही बाजू लक्षात घेऊन एवढंच करा: बालवाडीतल्या पोराला अभ्यासाला किंवा जेवायला बसवण्याच्या ऐन आधी लावू नका.

कुर्लीचे_कालवण
जेवायला बसवायलाच तर लावतात हो.

प्रश्नचिन्ह
विषयाकडे. वाहिनीला त्याने हे विकलं कसं? घासणी नायक, अननसात राहते. भर मीटिंगमध्ये हे तोंडातून काढायला धाडस पाहिजे.

निळी_शाई
मत्स्यटाकी घेऊन गेला. हवाईयन शर्ट, टाकीत पात्रांच्या छोट्या मूर्ती, हवाईयन संगीत. सोबत डेरेक ड्रायमन आणि टीम हिल, दोघेही रॉकोचे सहकारी. कागदावर 'समुद्राखालचं गाव' वाचून माणूस निळंगार, अंधारं काहीतरी डोळ्यांसमोर आणतो. टाकी बघितल्यावर रंग, सूर, उजेड एका नजरेत कळतो. त्या शर्टावरची फुलं पुढे बिकिनी बॉटमच्या, म्हणजे मालिकेतल्या गावाच्या आभाळात गेली. ढगांच्या जागी फुलं आहेत ती तीच.

वाहिनीला नायक शाळकरी मुलगा हवा होता. हिलेनबर्ग अडून बसला: हा नोकरी करणारा मोठा माणूसच आहे, बालिश आहे एवढंच. तोडगा निघाला तो मिसेस पफची बोट चालवायची शाळा. शाळाही झाली, नायक मोठाही राहिला.

एकरेघी
आणि हे लक्षात घ्या, की रॉकोतूनच माणसंही आली. आवाज देणारा टॉम केनी तिथे हेफर होता, इथे स्पंजबॉब. डग लॉरेन्स तिथे फिलबर्ट, इथे प्लँक्टन. ड्रायमन, हिल, पार्श्वभूमीवाला निक जेनिंग्ज. तयार संघच उचलून आणला.

कातळसडा
पण तुमच्याच रॉकोतली गोष्ट तुमच्यावर उलटवतो. मार्टिन ओल्सन हा रॉकोचा लेखक. त्याने 'इंटरटायडल झोन' पाहिलं आणि हिलेनबर्गला सांगितलं की तुझी मालिका ही आहे. म्हणजे रॉकोच्या खोलीत बसलेल्या माणसालाही किल्ली सापडली ती मास्तरकीच्या काळातल्या कागदात. हिलेनबर्ग स्वतः तोवर वेगळंच काही शोधत होता.

टायमिंगशीट
कॅलआर्ट्स दोघेही विसरताय. तो पात्रांच्या अ‍ॅनिमेशनच्या वर्गात नव्हता, प्रायोगिक अ‍ॅनिमेशनला होता, ज्यूल्स एंगेल यांच्या हाताखाली. तिथला त्याचा 'वर्महोल्स' हा लघुपट सापेक्षतावादावर आहे. तो एका महोत्सवात बघून रॉकोचे कर्ते जो मरे यांनी त्याला रॉकोत घेतलं. स्पंजबॉबमध्ये मधेच खरा हात, जुनं छायाचित्र, समुद्री चाच्याचं तैलचित्र घुसतं ना, ती सवय प्रायोगिक वर्गाची. शीर्षकगीतातल्या त्या चाच्याच्या चित्राला बसवलेले हलते ओठ खुद्द हिलेनबर्गचे आहेत.

मिरगाचा_पाऊस
अवांतर: आपल्याकडे टीव्हीवर अशी कर्त्याच्या नावाने ओळखली जाणारी माणसं कोण? फक्त आयातच बघितली का आपण?

निळी_शाई
अवांतराला छोटं उत्तर. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग पन्नाशीच्या दशकातच होता. डिस्नेचे क्लेअर वीक्स १९५६ला शिकवायला आले, अ‍ॅनिमेशनकार राम मोहन तिथेच तयार झाले. आणि दूरदर्शनवर ज्या चिमण्या जाळं घेऊन उडाल्या, तो १९७४चा 'एक अनेक और एकता' विजया मुळे यांचा, चित्रांकन भीमसेन यांचं. पण ते सुटे लघुपट. आठवड्याला भाग देणारी, वर्षानुवर्षं चालणारी मालिका हा वेगळा संसार आहे. वेगळा धागा काढा.

फ्रेम_बाय_फ्रेम
हिलेनबर्गने २००४ला मालिका का सोडली यावर कुणीतरी बोलायला हवं होतं. पहिले तीन सीझन अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ६० भागांचे. मग नोव्हेंबर २००४ला चित्रपट, आणि हिलेनबर्गच्या मनात तो शेवट होता. वाहिनीला मालिका हवी होती. तो रोजच्या कारभारातून बाजूला झाला, पॉल टिबिट यांनी सूत्रं घेतली. कार्यकारी निर्माता म्हणून नाव राहिलं. २०१५च्या सुमारास परत जास्त लक्ष घालू लागला, मार्च २०१७ला एएलएस हा मज्जातंतूंचा आजार झाल्याचं जाहीर केलं, काम सोडलं नाही. २६ नोव्हेंबर २०१८ला गेला, वय ५७.

एकरेघी, तुमच्या मताची खरी कसोटी इथे आहे. तो बाजूला झाला तरी पद्धत तीच राहिली: तोच आराखडा, तोच बोर्ड, तोच सोलचा स्टुडिओ. तरी चौथ्या सीझनपासून मालिकेचा सूर बदलला असं बहुतेक चाहते म्हणतात. नुसत्या पद्धतीने भागत असतं तर हे व्हायला नको होतं.

एकरेघी
हा मात्र वर्मी बसला. पद्धत राहिली, पण खोलीत 'हे खाली उतरवा' म्हणणारा गेला. मूळ मत थोडं मागे घेतो: रॉको काढला तर मालिका उभी राहत नाही, हे कायम. 'समुद्र काढला तर दुसरं काही सापडलं असतं', हे खोडतो. गू लगून दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

प्रश्नचिन्ह
शेवटचा प्रश्न. ती ओहोटीची डबकी आपल्याकडे बघायची तर?

कातळसडा
कोकणात जिथे कातळ थेट समुद्रात उतरतो तिथे. रत्नागिरी, मालवण, कुठेही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जा, उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत जाऊन उपयोग नाही, पाणी मधेच लोंबकळत राहतं. वेळेचा अदमास जुना: तिथीला पाऊणने गुणा, ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी, संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी. तळ गाठायच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की निघा. चपला रबरी तळाच्या, शेवाळावर पाय ठरत नाही. दगड उलटलात तर जसा होता तसा परत ठेवा. स्पंज खालच्या सावलीच्या बाजूला असतो, उन्हात उताणा राहिला की संपला. तारामाशाला पाण्याबाहेर धरून फोटो काढू नका.

कुर्लीचे_कालवण
आणि कुर्ली दिसली तर?

कातळसडा
बोट लांब ठेवा.